खंड पडल्यावर साल्सा पुन्हा धरताना: क्लास किती, सोशल किती

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा समजला: पुण्यात साल्सा-बचाता या जोडीने नाचायच्या लॅटिन नृत्यांचा चार महिन्यांचा बिगिनर कोर्स केलात, पुढे नोकरीच्या धबडग्यात आठ महिने खंड पडला, आणि परत सोशलला, म्हणजे सगळे जमून मोकळेपणी नाचतात त्या संध्याकाळी, गेलात तेव्हा सगळेच पुढे निघून गेल्यासारखे वाटले. बचाता ओळखू येईना, कुणी ऑन वन तर कुणी ऑन टू म्हणू लागले, इन्स्टाग्रामवर दर आठवड्याला नव्या वर्कशॉपची जाहिरात दिसू लागली. आता पुन्हा बिगिनर बॅचला बसावे की इंटरमिजिएटला, आणि या सगळ्याच्या बरोबरीने राहायचे तरी कसे, असे तुम्ही विचारले आहे.

मी २०१२ पासून नाचते आहे. आधी फक्त फॉलो करत असे (जोडीदाराच्या इशाऱ्यावर नाचत असे), गेली काही वर्षे लीडही करते, म्हणजे इशारे देते. २०२० च्या मार्चमध्ये सोशल बंद पडले तेव्हा माझाही दीर्घ खंड झाला होता, त्यामुळे परतल्यावरची ती धास्ती मला चांगली ठाऊक आहे. माझे मत आधीच सांगते. आठवड्याला एक क्लास आणि एक सोशल, याहून अधिक काही सहा महिने घेऊ नका. वर्कशॉपसाठी राखून ठेवलेला वेळ संगीत ऐकण्यात घाला. बरोबरीने राहायचे ते संगीताच्या. नव्या स्टेप्सच्या मागे धावलात तर दर तीन महिन्यांनी मागेच पडल्यासारखे वाटेल, कारण स्टेप्स संपतच नाहीत.

ऑन वन आणि ऑन टू हा प्रश्न ऐकायला अवघड वाटतो, पण तो फार मोठा नाही. दोन्हींत आठ मात्रांपैकी १, २, ३ आणि ५, ६, ७ वर पाऊल पडते, ४ आणि ८ रिकाम्या जातात. फरक आहे तो दिशा बदलण्याच्या पावलाचा. लॉस एंजेलिसच्या पद्धतीत ते १ आणि ५ वर येते, ते ऑन वन; तर न्यूयॉर्कमध्ये नृत्यशिक्षक एडी टॉरेस यांनी शिकवण्यासाठी जी पद्धत घडवली तिच्यात ते २ आणि ६ वर येते, ते ऑन टू. पुण्या-मुंबईच्या सोशलमध्ये मी प्रामुख्याने ऑन वनच पाहत आले आहे. तुमचे ऑन वन अजून घट्ट बसलेले नाही, म्हणून दुसऱ्याला तूर्त हात लावू नका. जिचे ऑन वन पक्के आहे ती व्यक्ती काही महिन्यांत ऑन टू आत्मसात करते. दोन्ही अर्धवट असणारा लीड मात्र गाणे वेगवान झाले की दोन्ही विसरतो.

ऐकायचे म्हणजे काय, ते जरा सविस्तर लिहिते, कारण क्लासमध्ये यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ क्वचितच दिला जातो. शिक्षक आठ आकडे मोजतो आणि आपण त्याच्या आवाजावर नाचायला शिकतो. सोशलमध्ये तो आवाज नसतो आणि पाय गडबडतात. त्या आकड्यांच्या जागी कान एखाद्या वाद्यावर ठेवायचा असतो. सर्वांत आधी कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, धरा. त्याचे दोन मोकळे, घुमणारे आघात ४ च्या आणि ८ च्या आसपास जोडीने येतात, म्हणजे नेमके तुमचे पाऊल थांबते तिथे. बेसिक (मूळ पावले) करताना ती घुमदार जोडी प्रत्येक थांब्यावर भेटत असेल, तर तुम्ही लयीत आहात. क्लाव्हे, म्हणजे दोन लाकडी दांड्यांवर वाजणारा साल्साचा मूळ ठेका, त्यानंतर. दोन-तीन क्लाव्हेत (आधी दोन ठोके, मग तीन) पाच ठोके असतात: २ वर, ३ वर, ५ वर, ६ आणि ७ च्या बरोबर मध्ये, आणि ८ वर. टाळी देऊन बघा. तो मधला ठोका पहिले काही दिवस हाताला सापडत नाही. आपल्याकडे केरव्याचा ठेका ऐकत मोठे झालेल्यांना आठांचे आवर्तन परके नाही, समेची ओढ अंगातच असते. केरव्याची सम मात्र क्लाव्हेवर लादू नका, कारण दोन-तीन क्लाव्हेत १ वर ठोकाच नसतो.

ऐकण्यासाठी जुन्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करा. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला काढलेल्या फानिया कंपनीच्या रेकॉर्डवर प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते. बसमध्ये, गाडी चालवताना, स्वयंपाक करताना रोज वीस मिनिटे पुरेत.

आता बचात्याबद्दल. तुम्हाला जो बचाता ओळखू आला नाही, ज्यात छातीपासून कमरेपर्यंत लाट जाते आणि जोडी फार जवळून नाचते, तो सेन्शुअल बचाता. तो स्पेनमधील कादिझच्या कोर्के आणि जुडिथ या जोडीमुळे पसरला. मूळ बचाता डोमिनिकन रिपब्लिकचा आहे. होसे मानुएल काल्देरोन यांनी १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली गाणी त्यातली पहिली मानली जातात. पुढे कितीतरी वर्षे तिथल्या प्रतिष्ठितांनी या संगीताला गुत्त्यातले म्हणून हिणवले. लावणीने आपल्याकडे जे सोसले ते आठवल्याशिवाय राहत नाही. २०१९ मध्ये याच बचात्याला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. हे सांगण्याचे कारण असे की सेन्शुअलच्या लाटा शिकण्याआधी तीन पावले आणि चौथ्यावर टॅप हा साधा बेसिक तुम्ही गुइरा या घासून वाजवायच्या धातूच्या वाद्याच्या खरखरीवर आणि बोंगो या छोट्या जोडढोलावर नाचून पाहावा. गाण्यात कडवे संपून गिटार चढते आणि बोंगो मोकळा सुटतो, तिथे पावलांना जागा मिळते. कडवे चालू असते तिथे शांत राहायचे असते. हे कळले की जवळून नाचण्याच्या हालचालीही गाण्यातूनच सुचतात. आधी लाटा शिकलेला लीड प्रत्येक गाण्यावर त्याच लाटा काढतो आणि फॉलोची पाठ दुखून येते.

बॅच कोणती, हे स्टुडिओच्या सांगण्यावरून ठरवू नका. मला एका ठिकाणी दुसऱ्याच महिन्यात वरच्या बॅचला ढकलले होते, कारण खालच्या बॅचमध्ये जागा नव्हती आणि वरच्या बॅचमध्ये मुली कमी होत्या. वर्षभर मी चुकीच्या वजनाने वळणे घेत राहिले आणि त्याची किंमत गुडघ्याने मोजली. तुमची कसोटी अशी ठेवा: अनोळखी जोडीदाराबरोबर अनोळखी गाण्यावर बेसिक, क्रॉस बॉडी लीड (फॉलोला आपल्या समोरून पलीकडे नेणे) आणि उजवे वळण एवढेच न चुकता पूर्ण गाणेभर करता येते का? येत नसेल तर निःशंकपणे बिगिनर बॅचला बसा. आठ महिन्यांनी परतलेल्याला तिथे जे दिसते ते पहिल्या वेळी दिसलेले नसते. क्लास निवडताना एकच गोष्ट बघा, की दर काही मिनिटांनी जोडीदार बदलले जातात की नाही. एकाच जोडीदाराबरोबर शिकलेली फिगर (ठरावीक हालचालींची जुळणी) त्या जोडीदाराच्या पाठांतरावर चालते. तिथे लीड होतच नाही.

लीडच्या हाताबद्दल एक सांगायलाच हवे, कारण फॉलो म्हणून मी ते सर्वाधिक सोसले आहे. फॉलोच्या बोटांवर अंगठ्याची पकड बसवू नका. बोटे आकड्यासारखी किंचित वाकवा आणि तिची बोटे त्यावर टेकू द्या. वळताना तिचा हात तुमच्या हातात फिरला पाहिजे. अंगठा दाबलेला असेल तर तिचे मनगट मुरगळते आणि हात डोक्यावरून ओढला गेला तर खांदा जातो. मागे एका सोशलमध्ये पन्नाशीच्या एका गृहस्थांबरोबर नाचले. संपूर्ण गाण्यात त्यांनी फक्त तीन फिगर केल्या. पण गाणे ज्या क्षणी एकदम थांबले त्या क्षणी त्यांनी माझा हात नुसता थोपवला, मीही थांबले, आणि वाद्ये परत सुरू झाली तेव्हा आम्ही दोघे एकाच पावलाने निघालो. त्या संध्याकाळच्या बाकीच्या नाचांतले मला काही आठवत नाही, एवढे मात्र लख्ख आठवते.

सोशल शक्यतो एकच धरा आणि तिथे दर आठवड्याला जा. चेहरे ओळखीचे झाले की नाचायला विचारणे सोपे होते आणि तुमची प्रगती पाहणारी माणसेही भेटतात. कुणी नकार दिला तर हसून बाजूला व्हा, कारण विचारू नका. नाचताना जोडीदाराला शिकवू नका, तिने विचारले तरी फ्लोअरच्या बाहेर जाऊन बोला. जवळून नाचायचे की नाही हे दोघांनी ठरवायचे असते. तिने हात लांब ठेवला की तेच उत्तर समजा. जादा टी-शर्ट आणि रुमाल बरोबर असू द्या, पावसाळ्यात नाचायचे बूट वेगळे आणा, ओल्या तळव्याने फरशीवर घसरायला होते.

फेस्टिव्हलचा पास सध्या घेऊ नका. तीन दिवसांत दहा-बारा वर्कशॉप होतात आणि सोमवारी त्यातली एखादीच हालचाल अंगात उरते. येत्या शनिवारी सोशलच्या आधीचा अर्ध्या तासाचा बिगिनर क्लास असेल त्याला जा, पहिले दोन साल्सा कडेला उभे राहून फक्त कोंगा ऐका, आणि तिसऱ्याला कुणाला तरी विचारा. त्या दिवशी तीन फिगरच्या पुढे जाऊ नका. जमले किंवा अडले तर नेमके कुठे अडले ते इथे लिहा; वळणात अडले असेल तर कोणत्या आकड्यावर, तेही लिहा, म्हणजे मला नीट सांगता येईल.