आधी कागद, मग दर

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुलनात्मक तक्ता पाहिला. एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दर भरणारा, तुझ्याहून १९ टक्क्यांनी खाली आहे आणि तू विचारतेस, ‘काका, पुढच्या निविदेत मीही तेवढं खाली जाऊ का?’ सरकारी काम धरावं की सोडावं, असलं काही विचारलं नाहीस ते बरं केलंस. ग्रामपंचायतींच्या नोंदवह्यांचे नमुने १ ते ३३ कुणीतरी छापायचेच आहेत, आणि ते जिल्ह्यातल्या प्रेसनं छापावेत यावर आपलं दुमत नाही. प्रश्न दराचा आहे, आणि त्याबाबत माझं एकच म्हणणं आहे. आधी कागद, मग दर.

तू उलटं केलंस. गेल्या वर्षी काम कितीला सुटलं ते काढलंस, त्याच्या खाली एक आकडा धरलास आणि मग कागदवाल्याला फोन लावलास. असं केलं की कागद त्या आकड्यात कोंबावा लागतो. नाही मावला की माणूस आधी जीएसएम, म्हणजे कागदाचं चौरस मीटरमागचं ग्रॅममधलं वजन, उतरवतो, मग पुठ्ठा, मग शिवणीच्या जागी पिन येते. कुणी एका दिवसात बेइमान होत नाही गं, दर त्याला तिथं नेतो.

हिशेब बघ. निविदेत ८० जीएसएमचा लेजर, म्हणजे नोंदवह्यांचा कागद, म्हटलंय. २० बाय ३० इंचाचे ५०० ताव, म्हणजे एक रिम, ८० जीएसएमला जवळजवळ साडेपंधरा किलो भरतात, ७० ला साडेतेरा. रिमामागे दोन किलोला थोडं कमी. चारशे रिमांचं काम असेल तर पाऊण टनाहून जास्त कागद गायब, आणि वही वरून तशीच दिसते. तरी १९ टक्क्यांचा फरक एवढ्यानं निघत नाही. कागदात साडेबारा टक्के वाचले, पण कागद म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. म्हणजे आणखी कुठंतरी हात मारलेला असणार. किंवा त्याच्याकडे जुन्या भावाचा साठा असेल. तसं असेल तर तो त्याचा हक्काचा दर आहे, त्याच्या नावानं बोटं मोडू नकोस. तुझ्याकडे तो साठा नाही, एवढंच तुझ्यापुरतं खरं.

बंडलावरच्या लेबलवर विसंबू नकोस. रिमाच्या मधले चार-पाच ताव काढ. स्टीलच्या पट्टीनं १० बाय १० सेंटिमीटरचे तुकडे काप, सोनार वापरतात तसल्या काट्यावर एकेक ठेव आणि येतील त्या ग्रॅमला शंभरनं गुण. ०.८० आलं तर ८०. पावसाळ्यात कागद ओल धरतो, तेव्हा काटा कागदवाल्याच्या बाजूनं बोलतो, हेही लक्षात ठेव. हे करून झाल्यावर दराची फाइल उघडायची. त्याआधी नाही. आधी कागद.

एवढा हट्ट कशासाठी, तर नमुना ८ उघडून बघ. करआकारणीची नोंदवही. आकारणी चार वर्षांनी बदलते, पण जुनी वही कुणी टाकत नाही. घराचा उतारा तिच्यातूनच निघतो, भावाभावांत वाटणी निघाली की तेच पान उलटलं जातं. पातळ कागदावर शाई मागे उतरते आणि मागच्या पानावरचं नाव वाचता येत नाही. पिन मारलेली असेल तर मधला फर्मा, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचा जुडगा, सुटतो, आणि सुटलेलं पान हरवतं. ज्याचं हरवतं तो तालुक्याला खेटे घालतो. कुणी छापलं, कितीला छापलं, हे त्याला ठाऊकही नसतं.

आता तू म्हणशील, काका, तुमचं ठीक आहे, तुमच्या डोक्यावर मशीनचा हप्ता नाही. नाही, कारण मी दुसरं मशीन घेतलंच नाही. लोक म्हणतात हट्टापायी मी प्रेस वाढवली नाही. म्हणू देत. मार्चच्या आधी बांधणीला यायच्या त्या गल्लीतल्या बायकांना मला सलग काही वर्षं ‘या वर्षी काम नाही’ सांगावं लागलं, ते मात्र लागतं जिवाला. त्यातली एक, जिची शिवण बघून मी इतरांना शिकवायचो, ती नंतर दुसरीकडे पिना मारायला गेली. तिला दोष कसा देणार? पण ते काम मी त्या दरात घेतलं असतं तर तिला माझ्याकडेही पिनाच माराव्या लागल्या असत्या. मी हरलो नाही, बाहेर राहिलो. हा फरक तुला आज पटणार नाही, आणि पटवून द्यायला मला वेळही नाही.

दर काढताना पैसे कधी येतील तेही त्यात धर. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, असं २००६ चा कायदा सांगतो. त्यासाठी तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, हवी, ती करून घे. कागदवाला मात्र कायदा वाचत बसत नाही, त्याला पैसे लगेच लागतात. मधल्या महिन्यांचं व्याज खर्चात लाव. दर जीएसटीसह की वगळून, हे दोनदा वाच. केंद्राच्या खरेदीत एल-वन मोठा उद्योग असेल आणि तू त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असशील तर कामाचा काही भाग तुला मिळू शकतो. ऐकायला छान आहे, पण तो त्याच्याच दरात करायचा. त्या दरात तुझा कागद बसतो का? पुन्हा तिथंच आलो बघ.

‘ताई, या वेळी वरचा दर टाका, पुढचं काम तुमचं’ असा फोन तुला येईल. आला नसेल तर लवकरच येईल. फोन ठेवून द्यायचा. २००२ च्या स्पर्धा कायद्यात संगनमतानं निविदा भरण्याला जबर दंड आहे. यावर अधिक काही लिहीत नाही, तू कुणाची मुलगी आहेस ते मला माहीत आहे.

वेळ घालव तो निविदापूर्व बैठकीवर. सगळे तिथं चहा पिऊन परत येतात. तू लेखी प्रश्न घेऊन जा. पहिल्या, म्हणजे दर उघडण्याआधीच्या तांत्रिक लिफाफ्यात कागदाचा नमुना घेणार का, आणि मंजूर नमुना सील करून ठेवणार का? माल आल्यावर तपासणीचे ताव कोण काढणार, पुरवठादार की खातं? प्रयोगशाळा कोणती? आणि मुख्य म्हणजे, जीएसएम कमी निघाला तर काय? बहुतेक ठिकाणी ‘प्रमाणात कपात’ लिहिलेलं असतं. म्हणजे पकडला गेला तर जेवढं वाचवलं तेवढंच परत, नाही पकडला तर सगळं खिशात. अशा अटीवर कोण पूर्ण वजनाचा कागद देईल? माल नाकारण्याची किंवा दुप्पट कपातीची अट माग. ती शुद्धिपत्रकात, म्हणजे निविदेच्या दुरुस्तीत, आली की सगळ्यांना लागू होते, आणि ७० चा कागद मनात धरून दर भरणाऱ्याला ८० चा धरावा लागतो. तुला खाली यायला नको, तोच वर येईल. येईलच असं नाही, पण आपल्या हातात एवढं आहे आणि तेवढं कुणी करत नाही याचा मला राग येतो.

प्रश्नांचा मसुदा शुक्रवारपर्यंत मला पाठव. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असलं काही लिहू नकोस. पान क्रमांक, अट क्रमांक, आणि तिथं नेमका कोणता मजकूर हवा, एवढंच. आणि डिजिटल सहीची मुदत आजच तपास. बाबांच्या नावावरची असेल तर ती चालणार नाही, नवी करायला दिवस जातात.

तुझा,
काका