केसपेपरवरची एक ओळ आणि नाकारलेला दावा

प्रश्न : माझे पती ५६ वर्षांचे असून मूत्रपिंडे निकामी झाल्याने त्यांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. जून २०१६मध्ये आम्ही ३ लाखांची आरोग्य विमा पॉलिसी घेतली, २०२२मध्ये ती ५ लाखांची केली आणि एकही हप्ता चुकवला नाही. मधुमेहाचे निदान २०१८मध्ये झाले. त्यांना प्रथम रुग्णालयात ठेवले त्या वेळचा २,४०,००० रुपयांचा दावा कंपनीने ‘पॉलिसीपूर्वीचा मधुमेह लपवला’ असे सांगून नाकारला आहे. भरतीच्या केसपेपरवर ‘बारा वर्षांपासून मधुमेह’ असे लिहिले आहे. ते माझ्याच सांगण्यावरून लिहिले गेले, ही बोच मनातून जात नाही. आता काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वप्रथम ती बोच मनातून काढून टाका. नवऱ्याला धाप लागलेली असताना, ‘साखर कधीपासून?’ या प्रश्नाला कोणतीही पत्नी ‘झाली असतील दहा-बारा वर्षे’ असेच उत्तर देईल आणि ड्युटीवरचे डॉक्टर तेच उतरवून घेतील. अशी ओळ हा निदानाचा पुरावा नव्हे. खरा पुरावा म्हणजे आपला २०१८चा पहिला रक्त तपासणी अहवाल आणि त्या वेळी औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी.

आपली बाजू याहूनही भक्कम आहे. पॉलिसी सलग ठरावीक काळ चालू राहिली की, माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच येतो. ही मुदत पूर्वी ८ वर्षांची होती, विमा नियामकाने २०२४मध्ये ती ५ वर्षांवर आणली. आपली पॉलिसी २०१६पासून अखंड असल्याने जुना नियम लावला तरी मुदत पूर्ण होते, आणि फसवणूक सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. अंदाजाने सांगितलेल्या वर्षांवरून ती सिद्ध झाली असे मला मुळीच वाटत नाही.

येथे एक बाब मात्र बारकाईने पाहावी लागेल. वाढवलेल्या विमा रकमेसाठी ही मुदत वाढवल्याच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. त्यामुळे मूळ ३ लाखांना पूर्ण संरक्षण असले, तरी २०२२मध्ये वाढवलेल्या २ लाखांची ५ वर्षे २०२७मध्ये भरतील. आजचा दावा मूळ रकमेतच बसतो. परंतु डायलिसिसचा खर्च वर्षभर चालणारा आहे, म्हणून २०२२च्या अर्जात मधुमेहाची नोंद केली होती का, हे त्या अर्जाची प्रत मागवून आताच तपासा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज करा. दावा पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला आणि त्याला कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीची मान्यता होती का, हे स्पष्ट विचारा. तशा मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत तेवढी पाळावी लागते.

या काळात रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. खंड पडला तर दहा वर्षांची पुण्याई वाया जाईल. आधी दावे केले म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही.

खर्चाची ओढाताण होत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. शिधापत्रिका व आधार घेऊन संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटा. खासगी पॉलिसी आहे म्हणून तिकडे जायला संकोच करण्याचे कारण नाही.

पुढच्या डायलिसिसला जाल तेव्हाच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून, मधुमेहाचे निदान उपलब्ध कागदपत्रांनुसार २०१८चे आहे आणि केसपेपरवरील कालावधी नातेवाइकांनी तोंडी सांगितलेला आहे, असे सही-शिक्क्याचे पत्र घ्या. तक्रार अर्जाला सर्वांत वर तेच जोडा.