विज्ञानकथेत नायकाला दुःखद भूतकाळ पुन्हा जगायचा आणि बदलायचा आहे, पण कथा रडकी होते. काय करू?

तुमची कथा मला प्रश्नासोबतच्या सारांशावरून कळली ती अशी. धाकटी बहीण अपघातात गेली. त्या संध्याकाळी तिने ‘सोडायला येतोस का?’ असं विचारलं होतं आणि नायक जागचा उठला नाही. दहा वर्षांनी तो एका यंत्रात बसून ती संध्याकाळ पुन्हा जगतो आणि तिला वाचवू पाहतो. ही कथा वाचणाऱ्यांपैकी काहींना ती रडकी वाटली, काहींना आधी कुठेतरी वाचल्यासारखी.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: यंत्र नेमकं काय करतं हे तुम्ही ठरवलेलं नाही. तुमच्या सारांशात ते आधी आठवण जागी करतं आणि पुढे नायकाला खरोखर त्या दिवसात नेऊन सोडतं. ही दोन वेगळी यंत्रं आहेत. आठवणीत शिरलेला माणूस काहीही करो, बाहेर पान हलत नाही. काळात मागे गेलेल्या माणसाला मात्र प्रत्येक हालचालीचा हिशेब द्यावा लागतो. दोन्ही एकात घातली की नियम उरत नाही, आणि नियम गेला की लेखकाकडे अश्रू सोडून दुसरं काही शिल्लक राहत नाही.

काळात मागे जाण्याचा पर्याय आधी उरकतो. तिथे तीन रस्ते आहेत आणि प्रत्येकावर शोकाचं वेगळं काही होतं.

पहिला रस्ता म्हणजे घडलेलं बदलत नाही. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांच्या नावाने ओळखलं जाणारं सुसंगतीचं तत्त्व हेच सांगतं: भूतकाळात गेलेल्याने जे काही केलं, ते त्या भूतकाळात आधीपासूनच होतं. इथे बहीण वाचत नाही, पण नायकाला तेव्हा न कळलेलं काहीतरी आता कळू शकतं. जपानी लेखक तोशिकाझु कावागुची यांच्या कॉफीच्या दुकानात घडणाऱ्या कादंबरीत नियम आणखी कडक आहे: वर्तमान बदलणार नाही, खुर्चीवरून उठायचं नाही आणि कॉफी गार होण्याआधी परतायचं. मागे जाऊन काहीच बदलणार नसेल तर माणूस का जातो, याचं उत्तर त्यामुळे प्रत्येक पात्राला द्यावंच लागतं.

दुसरा रस्ता फांद्यांचा: भूतकाळात काही बदललं की तिथून वेगळं विश्व फुटतं आणि जुनं तसंच राहतं. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ साली मांडलेल्या कल्पनेतून आलेली अनेक विश्वं विज्ञानकथेत इतकी वापरली गेली आहेत की त्यांची धार बोथट झाली आहे. तरी एक कोपरा अजून तीक्ष्ण आहे: नायकाने जिला वाचवलं ती दुसऱ्याच कुणा भावाची बहीण. त्याची स्वतःची गेली ती गेलीच. मराठी वाचकाला फांद्या समजावत बसायचीही गरज नाही. पानिपताचं ‘जर-तर’ आपल्या डोक्यात कायम चालू असतं, आणि जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये त्यावरच कथा उभी केली. तिथून एक युक्ती जरूर उचला: प्रवासातून परतताना हाती पुरावा म्हणून फक्त एका पुस्तकाचं एक पान येतं. तुमच्याकडेही एवढीच एखादी वस्तू असू द्या, दुसरी नको.

तिसरा रस्ता म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणं. इथे बहुतेक हौशी कथा बुडतात. बहीण वाचली तर नायकाला मागे जायचं कारणच उरत नाही. मग गेला कोण? एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ या १८९५च्या कादंबरीतला कालप्रवासी निव्वळ कुतूहलापोटी भविष्यात जातो, थेट ८०२७०१ सालात. तिच्यावरच्या २००२च्या चित्रपटाने त्याला मेलेली वाग्दत्त वधू दिली. तो मागे जातो, एका मरणातून तिला सोडवतो आणि ती दुसऱ्या मरणाने जाते, कारण ती गेली म्हणूनच तर यंत्र बांधलं गेलं. ही गाठ आता सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या वाचकांना ‘आधी वाचल्यासारखं’ वाटलं ते बहुधा इथेच.

म्हणून माझा कौल आठवणीच्या यंत्राला. तुमच्या कथेचं बीज तिथेच जास्त रुजेल, कारण आठवण ही ध्वनिमुद्रित फीत नसते. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट १९३२मध्ये हे सांगून गेला: माणूस आठवतो तेव्हा तुकडे जोडून नव्याने रचतो. १९७४मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारताना फक्त क्रियापद बदललं. ‘धडकल्या’च्या जागी जोरदार शब्द आला की लोक वेग जास्त सांगत. पुढे, आठवड्याभराने, फितीत नसलेल्या फुटक्या काचाही काहींना आठवल्या.

आता हे तुमच्या खोलीत आणा. बहीण दारात चपला घालत होती आणि नायकाची नजर स्क्रीनवर होती. म्हणजे तिचा त्या क्षणाचा चेहरा त्याच्या डोक्यात कधी शिरलाच नाही. तरीही यंत्रात तो मान वळवतो आणि चेहरा दिसतो. हा आला कुठून? नंतर भिंतीवर लावलेल्या फोटोतून. केसांची ठेवण त्या वर्षीची नाही, कानातलं तिने तोवर हरवलेलं आहे. नायकाला हे उमगतं तो क्षण तुमच्या कथेचा मध्य. त्याला ‘त्याचा ऊर भरून आला’ वगैरे काही जोडू नका, कानातलं पुरे आहे.

हे साधायचं तर लिहायला बसण्याआधी तक्ता करावा लागेल. घटनेची फक्त बारा-पंधरा मिनिटं घ्या, अख्खी संध्याकाळ नको. चार रकाने: घड्याळ, प्रत्यक्ष काय घडलं, त्यातलं नायकाच्या डोळ्या-कानांना काय मिळालं आणि गेल्या दहा वर्षांत त्याने त्यात काय भरलं. वीसेक ओळी होतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातला फरक म्हणजे तुमचं रहस्य, तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक म्हणजे तुमचा नायक. तक्ता न करता लिहिलं की दुसऱ्या फेरीत हमखास चूक होते: नायकाला पाठीमागच्या स्वयंपाकघरातलं दिसतं, दाराबाहेरचं ऐकू येतं, आणि यंत्र पुन्हा गुपचूप कालयंत्र होऊन बसतं.

आता बदलण्याच्या ओढीचं. तुमचा नायक अपघात थांबवू पाहतो. माझ्या मते ही निवड चुकली. आतला सल बहुतेकदा मोठ्या घटनेत नसतो, तिच्या आधीच्या एखाद्या क्षुल्लक वळणावर असतो. डॅनियल काह्नेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२मध्ये एक प्रसंग लोकांपुढे ठेवला: घरी जाताना एकाचा अपघाती मृत्यू होतो. काहींना सांगितलं की त्या दिवशी त्याने नेहमीचा रस्ता सोडला होता, काहींना सांगितलं की तो नेहमीच्या वेळेआधी निघाला होता. ‘…तर हे टळलं असतं’ हे वाक्य पुरं करताना लोकांचा कल त्या दिवशी जे नेहमीपेक्षा वेगळं होतं तेच दुरुस्त करण्याकडे होता. याचा तुम्हाला सरळ उपयोग आहे. तुमचा भाऊ बहिणीला कधीच सोडायला जात नसेल, तर त्या दिवशी न जाणं ही रोजचीच गोष्ट झाली आणि सल बोथट. तो एरवी दर वेळी कुरकुरत का होईना जायचा, त्याच दिवशी गेला नाही, असं करा. सुरुवातीच्या दोनशे शब्दांत एका ओळीत ही सवय पेरली की पुढे समजावत बसावं लागत नाही.

‘उठला नाही’ ही निवड मात्र पक्की आहे, ती हलवू नका. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांचं काम असं सांगतं की ताजा पश्चात्ताप केलेल्या गोष्टींचा असतो आणि वर्षं उलटली की न केलेल्या गोष्टी जास्त छळतात. दहा वर्षांच्या अंतराला हे चपखल बसतं.

यंत्राची किंमत काय, हा पुढचा प्रश्न. रक्त, पैसा, आयुष्याची वर्षं या चलनांचा कंटाळा आला आहे. किंमत मेंदूकडूनच वसूल करा. २०००मध्ये करीम नादेर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लडू या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. नंतर तो आवाज पुन्हा ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डला या भीतीशी संबंधित भागात प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. भीती ओसरली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर फरक पडला नाही. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ ओल्या मातीसारखी असते, ती पुन्हा वाळून घट्ट व्हावी लागते. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली, जी कथाकाराला फुकट मिळालेली भेट आहे: जशीच्या तशी उजळणी केली तर आठवण नेहमी सैल होत नाही, काहीतरी अनपेक्षित घडलं तर ती उघडायची शक्यता वाढते.

यातून फेऱ्यांची रचना आपोआप सुचते. पाच हजार शब्दांच्या कथेला तीन फेऱ्या पुरतात. पहिली आठशे-नऊशे शब्दांची, तंतोतंत, काहीही न बदलता. दुसरी पाचशेच्या आत. इथे ते अनपेक्षित, म्हणजे कानातलं, आणि इथूनच आठवण सैल होते. तिसरी दीडशे-दोनशे शब्दांची. तीत त्याने काहीतरी बदललं आहे: तो उठतो, किल्ली घेतो. आणि त्याच्या बदल्यात तिच्या आवाजाचा पोत गेला आहे, वाक्य तेवढं उरलं आहे. प्रत्येक फेरीत वाचकाला नवी माहिती मिळाली पाहिजे. फक्त भावना वाढवत नेली तर दुसऱ्या फेरीपासून लोक पानं उलटतात. चौथी फेरी घालायचा मोह होईल, तिथे हात आवरा.

वेदनेचं वर्णन करताना एक गोष्ट नेहमी उलटी केली जाते. लेखक सगळं चित्र सारखंच स्पष्ट रंगवतो. आघाताच्या आठवणीत एखादा फालतू तपशील नको इतका लख्ख असतो आणि महत्त्वाच्या गोष्टीच्या जागी भोक. चपलेचा तुटलेला अंगठा दिसतो, ती काय बोलली यातला अर्धा भाग नाही. तो प्रसंग ‘तेव्हाचा’ वाटत नाही, आत्ता चालू आहे असं वाटतं. शिवाय तुमच्या यंत्रात नायकाला पुढचं सगळं माहीत आहे, पण त्याच्या त्या वेळच्या शरीराला नाही. आतून तो ‘ऊठ’ म्हणून ओरडतो आणि अंगठा स्क्रीनवर शांतपणे सरकत राहतो. हे दोन वाक्यांत दाखवता येतं. पूर्ण परिच्छेदभर आक्रोश घातलात तर ती मघाची रडकी कथा परत आली म्हणून समजा.

दोन्ही यंत्रं एकत्र हवीच असतील तर एक जुना, चोख नमुना आहे: क्रिस मार्करचा १९६२चा फ्रेंच लघुपट ‘ला जते’, अठ्ठावीस मिनिटांचा, जवळजवळ संपूर्ण स्थिर छायाचित्रांचा. तिथे लहानपणी पाहिलेल्या एका दृश्याची घट्ट आठवण हीच माणसाला काळात मागे नेणारी शिडी ठरते. आठवण इंधन, प्रवास परिणाम. क्रम ठरलेला आहे म्हणून गोंधळ होत नाही.

यंत्राचं वर्णन शंभर शब्दांत संपवा. खुर्ची, डोक्याला लावायचे इलेक्ट्रोड, कोण चालवतं, किती वेळ चालतं, मधेच बंद केलं तर काय होतं. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि नेमकी त्याचीच कथेत पुढे गरज पडते.

भाषेबद्दल थोडं, कारण मराठीत याची सोय उत्तम आहे. दहा वर्षांनंतरचं निवेदन भूतकाळात ठेवा (‘तो खुर्चीत बसला’), फेऱ्या वर्तमानकाळात (‘ती दार उघडते’). मग यंत्राबाहेरच्या एखाद्या साध्या प्रसंगात, चहा गाळताना वगैरे, एकच क्रियापद वर्तमानात घसरू द्या. आठवण बाहेर झिरपू लागली हे वाचकाला न सांगता कळेल. आणि ‘गेलो असतो’, ‘थांबली असती’ हे रूप जपून वापरा. पश्चात्तापाचं सगळं व्याकरण या एका ‘असतो-असती’त आहे, त्यामुळे पहिल्या मसुद्यात ते पानागणिक सांडलेलं असतं. शोधून मोजा आणि चार-पाचच ठेवा. शेवटच्या प्रसंगात, तो यंत्रातून उठून घरी जातो तिथे, एकही नको. तिथे ‘असती’ आलं तर तो अजून खुर्चीतच आहे असं वाचक धरून चालेल.