‘दुशी’ शब्दात धरायची का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी एकोणीस महिन्यांची आहे आणि अजून अंगावर पिते. पिण्यासाठी तिनं स्वतःच एक शब्द काढलाय, ‘दुशी’. तो कुठून आला ते आम्हाला कळत नाही. घरात बाकीचे ‘दुदू’ म्हणतात, मी ‘दूध’ म्हणते. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ‘किती शब्द बोलते?’ असं विचारलं. मी ‘दुशी’ धरलाच नाही, कारण असा शब्दच नाही ना कुठे. सासूबाई म्हणतात, असले बोबडे शब्द चालवून घेतलेस तर पोर बोबडंच राहील. शिवाय ती चारचौघांत मोठ्यानं ‘दुशी! दुशी!’ करते. लाज वाटते, खोटं कशाला सांगू. काय करू?

उत्तर : आधी ‘दुशी’चं मूळ शोधू या. एका बाजूचं पिऊन झाल्यावर तिला वळवून घेताना तुम्ही काय म्हणता? ‘चला, आता दुसरी’ असंच काहीतरी म्हणत असणार. ‘र’ मुलांच्या जिभेला फार उशिरा वळतो, म्हणून तो गळाला. उरली दुशी. आज रात्री स्वतःचंच बोलणं जरा कान देऊन ऐका. माझा अंदाज चुकला असेल तर पुढच्या अंकात कबूल करीन.

अंदाज एवढ्या ठामपणे बांधते, कारण मी स्वतः फसलेली आहे. मुलांच्या बोलण्यावर उपचार करणं हा माझा पेशा, आणि माझ्याच मुलाचा शब्द मला दोन महिने कळला नव्हता. तो ‘आणकी’ म्हणायचा. मी पाजताना दर वेळी त्याला विचारायची, ‘आणखी हवं?’ त्यानं त्याचा अर्थ असा लावला की, ही जी काही गोष्ट आहे तिचं नावच आणखी. एकदा त्याला झोक्यावर बसवून झोके देत होते. थांबून विचारलं, ‘आणखी?’ तर हा झोक्यावरून घसरत उतरला, तरातरा आला आणि माझ्या कुर्त्याच्या गळ्यात हात घातला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आपल्याला वाटतं नाव म्हणजे वस्तूचं नाव. पण मुलाला त्या वेळी जे ठसक्यात, पुन्हा पुन्हा आणि बहुधा वाक्याच्या शेवटी ऐकू येतं, ते ते उचलतं. माझ्या वहीत असे कितीतरी शब्द साठले आहेत. ‘झाय’ हा ‘झालं का?’ मधून आला. ‘बादू’ म्हणजे बाजू. एक मुलगा नुसतंच ‘ये’ म्हणायचा, कारण आई त्याला जवळ घेताना ‘ये’ म्हणायची. दारातून कुणी कुणाला ‘ये’ म्हटलं की हा तिकडून धावत हजर. एक मुलगी ‘गुपगुप’ म्हणे, तो तिच्या स्वतःच्या गिळण्याचा आवाज! आणि एका जुळ्यांपैकी एकानं दोन्ही बाजूंना वेगवेगळी नावं ठेवली होती, एक त्याची आणि एक भावाची. चुकीच्या बाजूला घेतलं तर भांडण.

ज्यांच्याकडे असा काही उगम सापडत नाही, तिथे म, ब, द, न हीच अक्षरं दुहेरी होऊन येतात : मम्मम, बुबू, दुदू, नेने. म आणि ब नुसत्या ओठांवर होतात, द आणि न जिभेचं टोक दाताला लावून. एवढं तर चोखणाऱ्या तोंडाला आधीपासून येतं. एक करून बघा. अंगठा तोंडात धरा, ओठ मिटा आणि काहीतरी मागायचा प्रयत्न करा. नाकातून ‘म्म्म’ एवढंच बाहेर पडेल. तोंड भरलेल्या बाळाला दुसरा आवाज काढताच येत नाही. रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञानं १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात हेच मांडलं : पिताना नाकातून निघणारा हुंकार पुढे भूक लागली की बाळ मुद्दाम काढतं, मग काहीही हवं असलं की काढतं, आणि ज्याच्याकडे मागायचं त्या माणसालाच तो चिकटतो. म्हणजे जगात इतक्या ठिकाणी आईला जे ‘मा’, ‘ममा’ म्हणतात, ते मुळात दूध मागणंच असावं.

लॅटिनमध्ये ‘मम्मा’ म्हणजे स्तन, आणि मुलांच्या तोंडी आईसुद्धा. लिनेअस या निसर्गशास्त्रज्ञानं १७५८ साली प्राण्यांच्या एका अख्ख्या वर्गाला त्याच शब्दावरून नाव दिलं. आपण मराठीत त्यांना सस्तन प्राणी म्हणतो. तुर्की भाषेत स्तनाला सरळ ‘मेमे’च म्हणतात, आणि हा शब्द तिथल्या मोठ्यांच्या शब्दकोशातला आहे. तेव्हा ‘असा शब्दच नाही’ हे आपण जरा जपून म्हणावं.

आता शब्द मोजण्याबद्दल. आमच्या कामात शब्द कशाला म्हणायचं याचा नियम साधा आहे. मूल तोच आवाज, त्याच अर्थानं, पुन्हा पुन्हा आणि आपणहून काढत असेल तर तो शब्द. मोठ्यांच्या शब्दाशी तो जुळलाच पाहिजे असं नाही. तुमच्या मुलीची ‘दुशी’ या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेते. पुढच्या वेळी डॉक्टरांना तो धरून आकडा सांगा. ‘भू’, ‘टुक’, ‘नाई’ असलेही सगळे धरा. आया मुलांचे शब्द नेहमी कमीच सांगतात, असा माझा अनुभव आहे. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची : दीड वर्ष उलटलं तरी एकही शब्द नाही, बोटानं दाखवणं नाही, हाकेला मान वळत नाही. तसं असेल तर वाट न बघता आधी कान तपासून घ्यावेत.

सासूबाईंना सांगा की बोबडे शब्द ऐकल्यानं मूल बोबडं राहत नाही. उलट दुदू, भूभू असे दुहेरी शब्द लहान मुलांना पकडायला सोपे जातात, आणि त्यातूनच पुढचे येतात. ‘दूध म्हण, मग देते’ असं मात्र करू नका. भुकेल्या माणसाकडून उच्चार घोटून घेणं मला बघवत नाही. तिनं ‘दुशी’ म्हटलं की तुम्ही म्हणा, ‘दुशी हवी? दूध प्यायचंय? ये.’ दोन्ही शब्द तिच्या कानावर पडतील. बाकीचं तिचं ती बघेल.

राहिली लाज. तुमचं नशीब चांगलं म्हणायचं. ‘दुशी’ म्हणजे काय हे बाहेरच्या एकाही माणसाला कळत नाही! ज्यांच्या मुली भरल्या रांगेत स्वच्छ उच्चारात ‘आई, अंगावर पाज’ म्हणतात, त्यांनी काय करावं? दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला हरकत नाही असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, तेव्हा हा शब्द अजून काही दिवस तुमच्या घरात राहणार. वाटल्यास शब्दाबरोबर एक खूण लावा. मूठ उघडायची आणि मिटायची, ही खूण मुलं पटकन उचलतात. आणि ज्यांची बाळं अजून सहा-सात महिन्यांची आहेत त्यांनी आत्ताच ठरवावं. तुम्ही रोज जे म्हणता तेच एक दिवस चारचौघांत ओरडून मागितलं जाणार आहे.

प्रश्न : मी आजी. सून कामाला गेली की पावणेदोन वर्षांचा नातू ‘नेने, नेने’ करत दाराशी उभा राहतो. वाटीतून दूध दिलं तर वाटी ढकलतो. मग मागतो तरी काय?

उत्तर : आजी, तो आई मागतोय. कूस, वास, कानाशी धडधडणारी छाती, हे सगळं मिळून ‘नेने’. त्यात दूध थोडंच असतं. म्हणून वाटीला ‘नेने’ म्हणू नका, त्याला ती फसवणूक वाटते. तिचं नाव वेगळं ठेवा. आणि तो शब्द टाळूही नका. ‘नेने हवी ना? आई आली की नेने. आधी आपण बूट मोजू,’ असं म्हणून बघा. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं एवढ्यानंसुद्धा पोराचा अर्धा जीव शांत होतो. पण संध्याकाळी सुनेनं दारात पाऊल टाकल्यावर तिला आधी हातपाय धुऊन थेट बसू द्या. तुम्ही दिवसभर दिलेला शब्द तिला पाळायचा असतो.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची. पिणं सुटून तीन महिने झाले. आता ती तिच्या छोट्या उशीला ‘बुबू’ म्हणते आणि झोपताना तिचं टोक नाकाशी धरते. हे थांबवावं का?

उत्तर : नाही. फक्त उशी धुवायला टाकताना तिला आधी सांगा.