घर तपासणीच्या कामासाठी कोणती पोर्टेबल शिडी घ्यावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकून मिटणारी) घ्यावी की घडीची, पुण्यात कुठे बघावी, आणि 'सुरुवातीला साइटवरचीच शिडी मागून भागेल का'. हा तिसरा प्रश्न वाचला आणि माझं डावं मनगट ठणकायला लागलं. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

नाही भागत.

हे काम मी आणि दाजींनी मिळून सुरू केलं. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, हाडाचे कॉन्ट्रॅक्टर. रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) आल्यावर लोक ताबा घेण्याआधी फ्लॅट तपासून घ्यायला लागले होते. भिंतीतली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर घेतला, लेझर लेव्हल घेतली, रिपोर्टचा छान नमुना केला. मी म्हटलं, आता एक शिडी घेऊ. दाजी म्हणाले, "साइटवर शिडी मागायची असते, विकत घ्यायची नसते. वीस वर्षांत मी एक शिडी घेतलेली नाही."

जुलैत धायरीला सातव्या मजल्यावर नव्या फ्लॅटचं काम आलं. बाहेर पाऊस, आत गडी ओल्या चपलांनी फिरतायत. टॉयलेटच्या फॉल्स सीलिंगला ट्रॅप डोअर, म्हणजे वर बघायची झडप, होतं. ते उघडून वर बघायचंच असतं, कारण वरच्या फ्लॅटच्या न्हाणीतल्या सांडपाण्याचे पाइप तिथूनच जातात. दाजींनी शेजारच्या फ्लॅटमधून पेंटरचा लाकडी घोडा, म्हणजे दोन बाजूंना उघडणारी शिडी, आणला. त्याच्या दोन पायांमधली दोरी तीन ठिकाणी गाठी मारलेली, खाली रबर नाही, वर डिस्टेंपरचे थर. टॉयलेटमध्ये तो पुरता उघडेना, म्हणून दाजींनी मिटवून भिंतीला टेकवला. बेसिन आड येत होतं, त्यामुळे पाय बाहेर ओढून ठेवावा लागला. "चढ, मी धरलाय," म्हणाले. मी चढलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

पुढचं सांगायला नको. खाली येताना हात ट्रॅप डोअरच्या चौकटीत अडकला. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

पण मोडलेल्या हाडाचं मला एवढं काही वाटत नाही. त्या गडबडीत ट्रॅप डोअरच्या वर कुणी बघितलंच नाही, आणि संध्याकाळी रिपोर्टमध्ये त्या ओळीपुढे 'ओके' पडलं. दाजींनी लिहिलं, सही माझी. दिवाळीनंतर वरच्या फ्लॅटमध्ये लोक राहायला आले, बाथरूम वापरात आलं आणि आमच्या गिऱ्हाइकाच्या छतातून थेंब गळायला लागले. वरचा पाइप जॉइंटमध्ये नुसता खुपसून ठेवलेला होता, चिकटवायचं सोल्युशन लावलेलंच नव्हतं. वर डोकं घालून एकदा हात लावला असता तरी कळलं असतं. त्या काकूंचा फोन आला. ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं, "अहो, तुम्ही वर बघितलं होतंत ना?" मी फी परत केली. पाइप बिल्डरनेच नीट करून दिला, कारण ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत असा दोष दाखवून दिला, तर ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायची जबाबदारी रेरा कायद्याने त्याच्यावर टाकलेली आहे. पण ते काम काकूंनी छत गळल्यावर करून घेतलं. आम्हाला पैसे गळण्याआधी सांगण्याचे दिले होते.

दाजींचं म्हणणं अजून तेच आहे: "शिडी घसरत नसते, माणूस घसरतो." दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हे एकदा होतंच. आज लेखी उत्तर देऊन ठेवतो. टेकवायच्या शिडीचा साधा हिशेब ४ ला १ असा आहे. शिडी जिथे टेकली त्या उंचीच्या चौथ्या भागाइतकाच तिचा पाय भिंतीपासून लांब हवा. आमचा घोडा टेकला होता सहा फुटांवर, म्हणजे पाय दीड फुटावर हवा होता. तो होता साडेतीन फुटांवर, ओल्या टाइलवर आणि बिनरबराचा. दाजी, शिडीच घसरली.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. फ्लॅटच्या आत टेकवायची शिडी जवळजवळ निरुपयोगी आहे. टेकवणार कशाला? जिप्समला? ट्रॅप डोअरच्या ॲल्युमिनियम पट्टीला? स्वतःच्या पायांवर उभी राहणारी, ए आकाराची हवी. उंचीच्या मोहात पडू नका. आपल्याकडे छत साधारण साडेनऊ-दहा फुटांवर असतं. सहा फुटी शिडीच्या चार फुटांवरच्या पायरीवर साडेपाच फुटांचा माणूस उभा राहिला की डोकं साडेनऊ फुटांवर जातं. आणखी काय हवं? वरच्या दोन पायऱ्या उभं राहण्यासाठी नसतात, हे धरूनच हा हिशेब आहे. आठ फुटी शिडी लिफ्टमध्ये उभी मावत नाही. मग ती खांद्यावर घेऊन सात मजले चढा, आणि वर पोचल्यावर हात थरथरत असताना मीटर धरा.

मी वापरतो ती दोन्ही बाजूंनी टेलिस्कोपिक. ए केली की सुमारे सहा फूट, सरळ केली की साधारण बारा. मिटल्यावर तीन फुटांच्या आत येते, म्हणून ॲक्टिव्हाच्या पायाशी उभी राहते. माझ्या लेखी शिडीची खरी मोजमापं दोनच, मिटल्यावरची लांबी आणि वजन. गाडीवर नीट बसत नसेल, तर पंधरा दिवसांत तुम्ही ती घरी ठेवून जायला लागाल आणि पुन्हा पेंटरच्या दारात उभे राहाल. चार भागांची घडीची शिडी वाईट नाही, पण ती कार असलेल्यांनी घ्यावी. जाडजूड गठ्ठा होतो, आणि बिजागऱ्यांत बोट सापडलं की पूर्वज आठवतात.

टेलिस्कोपिकची एकच कटकट, तिची लॉकं. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंनी खट् असा आवाज आला पाहिजे. एका बाजूचा आला म्हणजे झालं असं नाही. पीओपीची धूळ नळ्यांत गेली की लॉक अर्धवट बसतं, म्हणून रोज कोरड्या फडक्याने पुसा. मिटवताना हात बाजूच्या नळ्यांवर हवेत, पायऱ्यांच्या मध्ये नाही.

लेबल वाचा. 'ईएन १३१' लिहिलेलं असेल, तर भार १५० किलोपर्यंत. त्यात तुम्ही, तुमची पिशवी, मीटर आणि सकाळचा नाश्ता सगळं आलं. लेबलच नसेल, तर दुकानदार 'दोनशे किलो घेते' म्हणाला तरी सोडून द्या.

कुठे? ऑनलाइन बघा, पण उघडून न बघता घेऊ नका. मी रविवार पेठेत बोहरी आळीत फिरून घेतली. एका दुकानात म्हटलं, उघडून चढून बघू का? मालक पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "घ्यायची असेल तरच चढा." चढलो, तिसऱ्या पायरीवर उभं राहून हलवून बघितलं आणि घेतली नाही. पुढच्या दुकानात घेतली.

दोन गोष्टी राहिल्या. ॲल्युमिनियमच्या शिडीवर उभं राहून डीबी (घरातल्या विजेच्या स्विचांची पेटी) किंवा मीटर रूमला हात लावायचा नाही. तसलं काम जास्त असेल, तर फायबरग्लासची घ्या, जड असते पण वीज वाहत नाही. आणि पेठांतल्या वाड्यांची कामं येणार असतील, तर शिडी असली म्हणून मंगलोरी कौलांवर पाय ठेवू नका. कडेला शिडी लावून कॅमेरा झूम करा. त्यासाठी टेकवायची शिडी लागते आणि ती कडेच्या वर तीन फूट तरी निघायला हवी. मगाशी मी तिला निरुपयोगी म्हटलं ते फ्लॅटपुरतं.

मागच्या महिन्यात वारज्याच्या साइटवरून दाजींचा फोन आला. "तिथे कुणाकडे शिडी नाही. तुझी ती दे दोन दिवस." दिली. आठ दिवसांनी परत आली, तेव्हा चारपैकी एक रबरी बूट नव्हता. तेव्हा घेताना सुटे बूट मिळतात का, हेही दुकानात विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं. परवा त्यासाठी पुन्हा बोहरी आळीत चक्कर झाली.