व्हॉट्सॲप काढून टाकून पूर्णपणे अरट्टाईवर जावं का? तुमचं मत काय?

अरट्टाई, म्हणजे झोहो या भारतीय कंपनीचं मेसेजिंग ॲप, टाकून घ्या, जरूर टाका, पण व्हॉट्सॲप काढू नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की देशी ॲप असताना परदेशी वापरणं पटत नाही, पण घरचे कोणी हलायला तयार नाहीत आणि वडील तर म्हणतात माझे सगळे ग्रुप तिकडेच आहेत. मला विचाराल तर वडील बरोबर बोलतायत, आणि तुमची तळमळही खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी खर्च होतेय असं मला वाटतं.

आधी एक सांगतो, झोहोबद्दल मला मनापासून आदर आहे. बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा न घेता एवढी मोठी सॉफ्टवेअर कंपनी उभी करायची, संस्थापक श्रीधर वेंबूंनी स्वतः तामिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या भागात जाऊन राहायचं आणि तिथे गावातल्या पोरांना हाताशी धरून काम करायचं, हे आपल्याकडे किती जणांनी केलंय? सप्टेंबर २०२५ मध्ये अरट्टाई अचानक उचललं गेलं तेव्हा वेंबूंनी सांगितलं होतं की दिवसाला ३,००० नवीन लोक येत होते ते तीन दिवसांत ३,५०,००० वर गेले. त्यांच्या सर्व्हरवर एकदम लोड आला, ओटीपी उशिरा यायला लागले, तरी ते लोक पाय रोवून उभे राहिले. मी पण तेव्हाच टाकलं. ॲप हलकं आहे, साध्या फोनवर चालतं, मीटिंगची वेगळी सोय आहे, स्वतःच्या नोंदी ठेवायला पॉकेट आहे. ॲप म्हणून मला ते आवडलं.

पण मेसेजिंग ॲप चांगलं असून भागत नाही ना. समोरचा माणूस तिथे लागतो. माझ्या फोनमध्ये बघा, सोसायटीचा ग्रुप आहे ज्यात उद्या पाणी येणार नाही हे कळतं, मुलीच्या शाळेचा आहे, भावकीचा आहे, डब्याच्या काकूंना सकाळी नऊच्या आत दोन पोळ्या जास्त सांगायच्या त्या तिथेच, मेडिकलवाल्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो टाकायचा तो तिथेच. यातल्या एकालाही मी म्हणू शकत नाही की बाबा माझ्यासाठी नवीन ॲप टाक, कारण त्या काकूंचे बाकीचे सगळे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आहेत आणि एका माणसाच्या दोन पोळ्यांसाठी त्या दुसरं ॲप उघडून बघत बसणार नाहीत. म्हणजे हलायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी हलायला हवं, आणि ते कधी होत नाही.

होत नाही हे हवेत बोलत नाहीये, एकदा बघून झालंय. जानेवारी २०२१ आठवतोय का? व्हॉट्सॲपने नवीन प्रायव्हसी पॉलिसी आणली, मान्य करा नाहीतर अकाउंट वापरता येणार नाही असा मेसेज सगळ्यांना आला, इलॉन मस्कने सिग्नल वापरा असं ट्विट केलं आणि लोक धडाधड सिग्नल, टेलिग्राम टाकायला लागले. आमचा मित्रांचा ग्रुप तेव्हा सिग्नलवर गेला. सिग्नल उत्तम ॲप आहे, कुठेही कमी नाही, तरी थोड्याच दिवसांत एकेक जण परत, कारण दिवसभर ऑफिस आणि घर व्हॉट्सॲपवर आणि फक्त आम्हा सात-आठ जणांसाठी वेगळं ॲप उघडायचं कोणाच्या लक्षातच राहीना. व्हॉट्सॲपने ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत ढकलली, राग निवला, विषय संपला. त्याच जानेवारीत हाइक बंद पडलं हे किती जणांच्या लक्षात आहे माहीत नाही. २०१२ मध्ये आलेलं आपलं देशी मेसेंजर, स्टिकर काय सुंदर होते त्याचे, मराठीतले पण होते, कॉलेजच्या पोरांमध्ये जबरदस्त चालायचं. बंद करताना हाइकचे संस्थापक कविन भारती मित्तलनी सरळ सांगितलं की भारताचं स्वतःचं मेसेंजर होणार नाही, जागतिक ॲपच्या नेटवर्कपुढे टिकता येत नाही, सरकारने परदेशी कंपन्यांवर बंदीच घातली तर गोष्ट वेगळी. आणि योगायोग बघा, अरट्टाई बाजारात आलं तेही याच जानेवारी २०२१ मध्ये! पुढची साडेचार वर्षं त्याच्याकडे फारसं कोणी बघितलं नाही.

कू या ट्विटरसारख्या देशी ॲपचं तर मला आजही वाईट वाटतं. मार्च २०२० मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत बक्षीस मिळालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी ट्विटर आणि सरकारचं वाजलं तेव्हा मंत्री, सरकारी खाती, नट-नट्या सगळे तिकडे गेले. नायजेरियाने ट्विटर बंद केलं तर कू तिकडे पोचलं, ब्राझीलमध्ये पण एकदम चाललं. मराठीत लिहायला ते खरंच छान होतं, मराठीतच फीड दिसायची, इंग्रजीच्या गर्दीत आपलं पोस्ट हरवायचं नाही. संस्थापकांनी स्वतः सांगितलंय की चांगल्या काळात रोज २१ लाख लोक यायचे. मग फंडिंग आटलं, डेलीहंट या बातम्यांच्या ॲपच्या कंपनीशी विक्रीची बोलणी चालली होती ती फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये बंद. त्या लोकांनी मेहनत कमी केली होती का? अजिबात नाही. पण ट्विटरवरचा माणूस कूवरच्या माणसाचं पोस्ट वाचू शकत नव्हता, त्यामुळे प्रत्येकाला एक बाजू निवडावी लागली, आणि निवडायची वेळ आली की लोक जिथे आधीच गर्दी आहे तिथे जातात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की देशी का परदेशी हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये मेसेज का जात नाही? माझ्याकडे जिओ असलं तरी एअरटेलवाल्याला फोन लागतो. जीमेलवरून रेडिफला मेल जातो. यूपीआय बघा ना, २०१६ मध्ये आलं, मी फोनपे वापरतो आणि भाजीवाल्याकडे गुगल पे असतं, पैसे जातात, कोणी कोणाला विचारत नाही की तुझं ॲप कुठलं. उद्या मला फोनपे आवडेनासं झालं तर मी भीमवर जातो आणि भाजीवाल्याला कळतही नाही. मग 'उद्या येतो' हे दोन शब्द पाठवायला मला मेटाचंच, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचंच, ॲप का लागावं?

आणि हे तांत्रिकदृष्ट्या जमत नाही असं कोणी सांगितलं तर त्याला जीटॉकची आठवण करून द्या. २००५ मध्ये आलेलं गुगल टॉक एक्सएमपीपी नावाच्या खुल्या पद्धतीवर चालायचं, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या सर्व्हरवरच्या माणसाशी पण थेट जीमेलमधून बोलता यायचं. २०१३ मध्ये गुगलने हँगआउट्स आणलं आणि ते दार लावून घेतलं. खुद्द व्हॉट्सॲप सुरुवातीला याच एक्सएमपीपीमध्ये फेरफार करून बांधलेलं होतं! म्हणजे रस्ता होता, तो मुद्दाम बंद ठेवलाय, कारण रस्ता उघडा असला तर माणूस निघून जाऊ शकतो. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲपसाठी १९ अब्ज डॉलर मोजले ते काय हिरव्या आयकॉनसाठी नव्हते, निघून न जाणाऱ्या माणसांसाठी होते. कूम आणि ॲक्टन या व्हॉट्सॲपच्या दोघा संस्थापकांचा जाहिरातींना कट्टर विरोध होता, ॲक्टन २०१७ मध्ये आणि कूम २०१८ मध्ये बाहेर पडले, आणि जून २०२५ मध्ये स्टेटसमध्ये जाहिराती येणार हे जाहीर झालं. तुम्हाला पटलं नाही तरी काय करणार, जाणार कुठे? नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने त्याच २०२१ च्या पॉलिसीवरून मेटाला २१३ कोटींचा दंड लावला, चांगलंच केलं, पण दंडाने मला बाहेर पडायचा रस्ता मिळत नाही.

आता समजा चमत्कार झाला आणि सगळा देश अरट्टाईवर गेला. मग? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या नेटवर्कमध्ये एक चुकीचा बदल झाला आणि सहा तासांच्या आसपास व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक सगळं एकदम गेलं, आपल्याकडे रात्र होती म्हणून बरं. सगळे एकाच कंपनीच्या दारात उभे असतील तर ते दार चेन्नईत असलं तरी हाच धोका. आणि अफवांचं काय? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, त्याच्या आधी अनेक दिवस तसले मेसेज फोनाफोनी फिरत होते. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. निर्णय चांगला होता, पण तो घेतला कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने, तिला वाटला तेव्हा. एवढी मोठी गोष्ट कुठल्याही एकाच कंपनीच्या मनावर असू नये, देशी असो की परदेशी, असं मला अगदी आतून वाटतं.

युरोपने यात हात घातलाय. त्यांच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे व्हॉट्सॲपला दुसऱ्या ॲपसाठी दार उघडावं लागलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाने जाहीर केलं की बर्डीचॅट आणि हायकेट या दोन छोट्या ॲपशी तिकडच्या लोकांना बोलता येईल. अडचणी आहेत, नाही म्हणत नाही. दोन्हीकडे एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कोणाला मेसेज वाचता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूप, सारखंच मजबूत लागतं, नाहीतर एका बाजूने गळती, आणि याच काळजीने सिग्नल आणि थ्रीमा या मेसेजिंग ॲपनी त्यात यायला नकार दिला. स्पॅम येईल ही भीती पण खरी आहे. तरी सुरुवात झाली ना! आणि गंमत म्हणजे वेंबूंनी स्वतः अरट्टाईच्या धामधुमीत हेच लिहिलं होतं, की अशा ॲपचं यूपीआय आणि ईमेलसारखं आपापसात जमायला हवं, व्हॉट्सॲपसारखं बंदिस्त नको, आणि यूपीआयच्या कामातल्या लोकांशी आपण बोलतोय. ज्याच्याकडे तेव्हा रोज लाखो लोक येत होते तो माणूस दार उघडं ठेवा म्हणत होता, माझ्या मते त्या सगळ्या धामधुमीतली हीच सगळ्यात मोठी बातमी होती, आणि चर्चा कशावर झाली तर ॲप स्टोअरवर पहिला नंबर आला यावर. आपण देशी ॲपच्या नावाने जेवढे स्टेटस टाकले त्याच्या निम्मी जरी मागणी आपण सरकारकडे आणि ट्राय या दूरसंचार नियामकाकडे ॲपची दारं एकमेकांना उघडायच्या नियमाची केली असती तर काहीतरी हललं असतं. ज्या देशाने यूपीआय उभं केलं त्याला हे जमणार नाही हे मी मानत नाही.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं ते सांगतो. अरट्टाईवर सुरुवातीला कॉल एन्क्रिप्टेड होते पण लिहिलेले मेसेज नव्हते, नंतर कंपनीने त्याचं काम हाती घेतलं, तेव्हा तुमच्या फोनवरच्या चॅटमध्ये ते चालू दिसतंय का हे आधी बघून घ्या आणि दिसेपर्यंत आधार, पासबुक, बँकेचे कागद त्यावर पाठवू नका. व्हॉट्सॲपमधले महत्त्वाचे चॅट आणि फोटो एक्स्पोर्ट करून वेगळीकडे ठेवा, ते कुठल्याही ॲपसाठी चांगलंच. वडिलांना ग्रुप सोडायला सांगू नका, त्यांचे ग्रुप राहू द्या. फक्त रोजचा घरचा व्हिडिओ कॉल अरट्टाईवरून करायला लागा, त्याला दोनच माणसं लागतात, बाकी कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्यांना जमलं की तुमच्या आत्याला ते स्वतःच शिकवतील.