पंखा ग्राइंडरला लावण्याआधी

भाऊ, तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात बोट चालवायची म्हणजे गाळ, वाळू, बुडालेली झाडं हे आलंच. पंख्याच्या, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या, पात्याची कड खाल्ली जाणारच. पण आधी पंखा खरंच दोषी आहे का ते बघ. इंजिन ओरडतंय, बोट मात्र हलत नाही, असं असेल तर बऱ्याचदा पंख्याच्या मधल्या बुशाचं, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या नळीचं, रबर सुटलेलं असतं. या बुशावर आणि पंख्याच्या बाहेरच्या अंगावर रंगाची एक सलग रेघ ओढ, बोट फिरवून आण. रेघ तुटली तर पात्याला हात लावू नको, बुश बदल.

पंखा उतरवताना प्लगच्या वायरी काढ, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही आणि हाताची बोटं शाबूत राहतील. मागे जाळ्याची तंगूस गुंडाळलेली असते, तीही काढ. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, म्हणजे पाणी अडवणारं सील गेलंय.

बारीक खाचा कानशीने जातात. तुकडाच उडाला असेल तर आर्गॉन वेल्डिंगवाला गाठ. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि तोवर लाल होत नाही, त्यामुळे नवशिक्याचं पातं बघता बघता ओघळतं. चांगल्या पात्याचा पुठ्ठ्याचा साचा काढून तिन्हींना लावून बघ, पीळ सारखा हवा. मग दांड्यावर तोलून जड पातं पाठीकडून घास, कडेला नाही.

बसवताना शाफ्टला ग्रीस आणि नट अडकवून ठेवणारी स्प्लिट पिन नवीच. जुनी सरळ करून घालू नको, चार रुपयांसाठी पंखा तापीत जाईल.